डबडीचा क्लच

वडनेर भोलजीत मोटार एकच होती आणि ती एका बाईच्या हातात होती. यातल्या पहिल्या गोष्टीचा गावाला अभिमान वाटायचा आणि दुसरीनं गावाच्या पोटात दुखायचं. म्हणून गावानं मोटारीचं नाव डबडी ठेवलं होतं. चार माणसं कशीबशी मावतील एवढीशी ती मोटार. वर कापडी टप, पुढचा एक दिवा फुटलेला, बॅटरी मेल्यातच जमा, आणि चालू करायची ती पुढून हँडल मारून. गोजरबाईच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, ती विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून जुनीच घेतली होती. साहेबानं ती का विकली हे निवृत्तीला पहिल्याच महिन्यात कळलं, पण तोवर त्याचा तिच्यावर जीव जडला होता. आपल्याला येतं ते बायकोला का येऊ नये, असं एका उन्हाळ्यात त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं आणि त्यानं रिकाम्या खळ्यावर गोल गोल फिरवून गोजरबाईला मोटार शिकवली. पुढं तो तापानं गेला. बाईचं कुंकू गेलं, मोटार राहिली.

आता मोटार विकेल आणि कोपऱ्यात बसेल, असं सगळे धरून चालले होते. गोजरबाईनं सुतक फिटल्यावर लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, हँडल मारलं आणि साऱ्या गावादेखत मोटार सडकेला काढली. लोक काय म्हणाले ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. म्हणणाऱ्यांना दुसरा उद्योग नव्हता आणि हिला होता.

उद्योग म्हणजे दोन पोरी. गावातली शाळा चौथीला संपत होती आणि पोरींचं डोकंही तिथंच संपतं अशी गावाची समजूत होती. गोजरबाई या दोघींना रोज नांदुऱ्याच्या शाळेत नेई आणि संध्याकाळी परत आणी. एक आशा, तिच्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, भगवानराव पाटलांची मुलगी. दुसरी अमीना, कापसाच्या जिनात इंजिन चालवणाऱ्या गुलाम रसूलची. गोजरबाईला स्वतःला मूलबाळ नव्हतं. लहानपणी मोताळ्याला माहेरी भावाच्या पाटीवर ती अक्षरं गिरवायची. एक दिवस आजोबांनी ती पाटी हातातून काढून घेतली आणि हातात केरसुणी दिली. त्या पाटीचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नव्हता, आणि तो जावा अशी तिची इच्छाही नव्हती.

भगवानराव कबूल झाले होते, पण मनानं नव्हे. गोजरबाईच्या वाटणीचं शेत तेच वाहायचे. आशेला शाळेत धाडलं नाही तर शेत दुसऱ्याला वाहायला देईन, असा निरोप तिनं पाठवला तेव्हा ते वळणावर आले. मात्र पाटीलकीची ऐट राखायची म्हणून त्यांनी चावडीत चारचौघांसमोर अट घातली.

“पोरी मोटारीत जातीन अन् मोटारीतच येतीन. सर्विस मोटारीत नाई, बैलगाडीत नाई, पायी तं बिलकूल नाई. ज्या दिवशी हे डबडी नडली, त्या दिवशी शाळा सरली. मंग जळगाव जामोदच्या स्थळाले मी होकार धाडून देईन.”

कुणी तरी भीत भीत म्हणालं, की पोरींनी शिकावं असं नागपूरचं सरकारही म्हणतं. त्यावर पाटील म्हणाले, “नागपूरच्या सरकारले वऱ्हाडातल्या पोरी उजवा लागतेत का?” चावडी हसली. आशा तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि जळगाव जामोदचा नवरदेव चांगला मिशाळ होता.

तर अशी ती अट. गोजरबाईनं ती मान्य केली, पण स्वतःच्या तोंडानं नाही. बाईनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं. पदर पुढं ओढायचा, तोंड बाजूला करायचं आणि मध्ये कुणाला तरी उभं करून त्याला सांगायचं. लग्न होऊन आल्यापासून तिनं भगवानरावांशी एक शब्दही थेट उच्चारला नव्हता. दोघांच्या मध्ये बहुतेक वेळा कडूबा असायचा. कडूबा हा तिचा सालदार, निवृत्तीच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. बैलांशी तो माणसांपेक्षा जास्त बोलायचा, आणि मोटार गोठ्यात बैलांच्या शेजारी उभी असायची म्हणून तिच्याशीही बोलायचा.

त्या वर्षीचा पोळा आला. मोटार गोठ्यातच राहिली, कारण पोळ्याला कुणाच्याच मानेवर भार द्यायचा नसतो. कडूबानं बैलांची शिंगं रंगवली, झुली घातल्या, आणि डबडीच्या बोनेटावरही हळदीचे पिवळे पंजे उमटवले. गोजरबाईनं ते पाहिलं आणि तिला हसू आलं. पोळ्याला लागून कर आली, करीला लागून रविवार आला. सोमवारी सकाळी पोरी दप्तरं घेऊन गोठ्यापाशी हजर झाल्या.

हँडल मारलं, इंजिन लागलं. गोजरबाई आत बसली, डाव्या पायानं क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेली तर आतून असा करकराट आला की बैलांनी माना वर केल्या. तिनं पुन्हा क्लच दाबला, अगदी फळीला टेकेपर्यंत. पुन्हा तेच. मग तिनं दात खाऊन गिअर जबरीनं ढकलला. क्लच पायाखाली दाबलेलाच होता, म्हणजे मोटारीनं जागचं हलायला नको होतं. पण तिनं बेडकासारखी उडी घेतली, दारालगतच्या गव्हाणीवर जाऊन आदळली आणि बंद पडली. मागं बसलेल्या अमीनाचं कपाळ आशेच्या डोक्यावर आपटलं.

तो आवाज भगवानरावांच्या ओट्यापर्यंत गेला. ओटा कुठं लांब होता? मध्ये फक्त अंगण. दातांवर राखुंडी फिरवत ते आले आणि गोठ्याच्या तोंडाशी उभे राहिले. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू पोळ्याचा मान आज मिळाला.

“नडली न?” ते हवेला म्हणाले.

गोजरबाईनं हँडलचं ग्रीस लागलेल्या हातानं पदर ओढला. “कडूबा, भासऱ्यायले सांग, नडली नाई. जराशी रुसली.”

“पाटील, बाई म्हंतेत—”

“आयकलं मी. मी बहिरा नाई. सांग तिले, शाळेची घंटी व्हयेपर्यंत रुसवा काढ म्हणा. नाई तं आशीले घरात धाड.” एवढं बोलून ते जायला नको का? नाही. एक उलटी टोपली ओढून ते तिथंच बसले.

बघता बघता गोठ्यापाशी माणसं जमली. मोटार बिघडली की तिचं निदान करण्यासाठी मोटार चालवता येत असावी लागते असं थोडंच आहे? एकानं सांगितलं की तिला गारठा बाधला. दुसऱ्याच्या मते पेट्रोलात पाणी. कुपनावर मिळणारं पेट्रोल ते, त्यात काय काय मिसळत असतील कोण जाणे. तिसऱ्यानं तर टायरला हात लावून पाहिला, जनावराचा कान गरम आहे का बघतात तसा.

तेवढ्यात अमीनाला सोडायला म्हणून मागून येणारा गुलाम रसूल पोचला. जिनाचं इंजिन त्याच्या हातात असल्यामुळे जगात जे जे फिरतं ते आपल्याला कळतं, असा त्याचा समज होता. त्यानं दोनदा क्लच दाबला, डोळे मिटले आणि निकाल दिला.

“स्प्रिंग गेली, भाभी. खतम. अकोल्याहून मागवा लागते.”

“स्प्रिंग गेली असती तं पायडल पडूनच राह्यला असता न, रसूलभाऊ? हा तं लाथ मारल्यासारखा वर येऊन राह्यला.”

गुलाम रसूलनं दाढी खाजवली. “मंग सळई ढिली. पायडल दबते पन पुढं जोर पोचत नाई. सोप्पं काम हाय.” तो मोटारीखाली शिरला, पाना फिरवला, मोटार बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सळईचा नट आवळून बाहेर आला. क्लच दाबून पाहिला. पायडल पहिल्यापेक्षा घट्ट झाला होता. गिअर तसाच करकरला.

“घ्या,” भगवानराव टोपलीवरून म्हणाले. “जिनाचे इंजिनेर बी झाले.”

गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागावर मोटार चालत नाही हे निवृत्तीनं तिला खळ्यावरच सांगितलं होतं. क्लच समजावताना त्यानं जुवाची गोष्ट केली होती. इंजिन म्हणजे बैल, चाकं म्हणजे गाडी, आणि मधला क्लच म्हणजे जुवाची शिवळ. शिवळ घातली की बैल जुंपला, काढली की मोकळा. पायडल दाबणं म्हणजे शिवळ उपसणं. आता इथं पाय शिवळ उपसतोय आणि बैल काही सुटत नाहीये. मग एक तर उपसणारा हात तुटला आहे, नाही तर शिवळच अडकली आहे. दोन्हींपैकी कोणतं, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळायचं नाही.

तिनं जमिनीवर पोतं अंथरलं. “आशा, मी सांगीन तवा क्लच दाबजो.”

आणि ती सरळ मोटारीखाली आडवी झाली. पाटलांच्या घरची विधवा सून, भासरे समोर बसलेले, आणि हिचे पाय मोटारीखालून बाहेर! दोघा-तिघांनी शरमेनं तोंडं फिरवली आणि मग कुतूहलानं पुन्हा वळवली.

“दाब. सोड. पुन्हा दाब.” खालून तिला दिसत होतं: पायडल दाबला की सळई ओढली जात होती, सळईबरोबर आडवा दांडा फिरत होता, दांडा जिथं आतल्या कोठीत शिरतो तिथपर्यंत सगळं इमानानं राबत होतं. म्हणजे हात शाबूत. बिघाड कोठीच्या आत.

ती बाहेर आली आणि तिनं पायाखालची लाकडी फळी उचकटली. खाली क्लचच्या कोठीला वरून एक वाटीएवढं भोक होतं, त्यावर पत्र्याचं झाकण. झाकणाचा स्क्रू तिला वाटलं होतं तेवढा घट्ट नव्हता, आणि तो सैल लागताच तिच्या मनात पाल चुकचुकली. कुणी तरी उघडलंय. झाकण सरकवून तिनं आत पाहिलं तर आत पिवळं. कडेला ओघळ, ओघळांवर साय धरल्यासारखी कातडी, आणि आतल्या तबकड्यांच्या फटीत तेच पिवळं चिकट साचलेलं. तबकड्या एकमेकींपासून सुटतील कशा? त्या चिकटल्या होत्या, डिंकानं कागद चिकटतात तशा.

कुणी तरी मुद्दाम ओतलंय! तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं मान वळवून टोपलीकडे पाहिलं. क्षणभर तिला खात्रीच पटली, की हे याच माणसाचं काम. भगवानराव कानात काडी घालून शांतपणे कान कोरत होते. तिच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, मध्ये कडूबाला उभं न करता द्यायच्या.

मग तिनं बोट नाकाशी नेलं. जवसाचं तेल, उकळलेलं, वाळलं की वार्निशासारखं धरून बसणारं. आणि हळद. तिची नजर बोनेटावर गेली. तिथले पंजेही याच रंगाचे होते. तिथून ती कडूबाच्या हाताकडे गेली. म्हाताऱ्याची नखं अजून पिवळी होती.

शिव्या ओठांवरच विरल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यानं ओढ काढली त्याला तूप-हळद चोळायची, आणि कानात सणाचं आमंत्रण द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

तिनं त्याला जवळ बोलावलं आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, “कडूबा, डबडीची बी खांदेमळणी केली व्हती का रे?”

“केली न, बाई.” त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. “साऱ्याइचीच केली. हे काय कमी राबते? हिलेच काऊन सोडू? तुमचा पाय रोज तठीच पडते, सारा भार तठीच, म्हून फळी उचलून खांदा शोधला. तूप बैलाइतच सरलं. म्हनलं लोखंडाले तेलच बरं. चांगलं पळीभर ऊन ऊन घातलं.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज बारीक झाला. “बाई, म्याच मारलं का व हिले?”

गोजरबाईला त्या म्हाताऱ्याची एकदम माया आली आणि रडू आलं. या साऱ्या गावात डबडीला राबणारं समजून हळद लावणारा हा एकटाच. पण भगवानरावांना हे कळलं असतं तर पुढची वीस वर्षं त्यांनी कडूबाला चावडीवर नाचवलं असतं, आणि पोरींची शाळा तर गेलीच असती. “मारलं नाई. चिकटवलं,” ती हलकेच म्हणाली. “एक शबुद काढू नको. घरातले सारे कंदील अन् चिमण्या आन, त्याइतलं रॉकेल मले दे.”

रॉकेल त्या दिवसांत औषधासारखं मिळायचं. घरभरचे दिवे रिकामे करून जेमतेम तांब्याभर निघालं. तिनं त्यातलं निम्म्याहून जास्त भोकातून आत सोडलं.

“काय हाय आत?” गुलाम रसूलनं वाकून विचारलं.

“चिकटा. तबकड्या जुडल्या.”

“मी तेच म्हनत व्हतो,” गुलाम रसूल म्हणाला. “पन हे शामपर्यंत भिजा लागते, भाभी. आता नाई सुटत.”

त्याचं हे मात्र खरं होतं. आणि संध्याकाळपर्यंत थांबणं म्हणजे आशेला जळगाव जामोदला पोचवणं. गोजरबाई उभी राहिली, हात लुगड्याला पुसले.

“नाई सुटत तं नाई सुटत. बिनक्लचची नेते.”

गर्दीत हसू फुटलं. ती हसली नाही. बैल सुटत नसेल तर जुंपलेलाच हाकायचा, त्यात काय मोठंसं? इंजिन बंद असताना गिअर निमूट पडतो. गिअर टाकून ठेवायचा आणि मोटार ढकलायची. चाकं फिरली की इंजिन लागेल, आणि एकदा लागलं की नांदुऱ्यापर्यंत थांबायचं नाही.

“कडूबा, मोटार गल्लीच्या तोंडाशी काढ.”

“बैल जुपतो न, बाई. दोन मिंटात वढतीन.” कडूबानं आनंदानं दावी सोडलीसुद्धा.

“थांब बे!” भगवानराव टोपलीवरून उठले. “बैल लावले म्हंजे बैलगाडीच झाली. मी चावडीत काय बोललो? अन् सांगून ठेवतो, गावातल्या एकानं बी त्या डबडीले हात लावाचा नाई.”

कडूबाच्या हातातलं दावं खाली आलं. गर्दी अशी मागं सरकली, की मोटार एकदम उघड्यावर उभी राहिल्यासारखी दिसू लागली. गुलाम रसूलनंही एक पाऊल मागं घेतलं. जिनात पाटलांचाच कापूस यायचा आणि जिनाचा मालक पाटलांच्या पंक्तीत बसायचा. गोजरबाईनं गिअर टाकला, हँड ब्रेक सोडला आणि एका हातात स्टिअरिंगचं चाक धरून दुसऱ्या हातानं दाराला जोर लावला. मागून कडूबा लागला. मोटार वीतभर सरकली आणि थांबली. गिअरात असलेली मोटार एका बाईनं आणि एका म्हाताऱ्यानं हलत नसते.

पोरी मघाशीच मागं जाऊन बसल्या होत्या. मागचं दार उघडलं. आशा खाली उतरली. तिनं दप्तर सीटवर ठेवलं, ओढणीसारखा पुढं घेतलेला पदर कमरेला खोचला आणि मोटारीच्या पाठीला जिथं जादा चाक बांधलेलं होतं तिथं जाऊन खांदा लावला.

“आशे!” भगवानराव ओरडले. “घरात चाल!”

बापासमोर आशेचा आवाज कधी कुणी ऐकलेला नव्हता. आताही तो काही मोठा नव्हता. “आबा, मोटारीतच जा असं तुमीच म्हनलं न? मंग मोटार चालू तं करू द्या.”

तिच्या शेजारी अमीनानं खांदा लावला. आता गुलाम रसूलला मागं उभं राहणं अवघड झालं. त्यानं एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा लेकीच्या पाठीकडे, आणि मोठ्यांदा म्हणाला, “हाव, मी तं गावातला नाईच. माझं घर जिनाच्या आवारात हाय.” त्यानं बाह्या सारल्या. मोटार हलली.

गल्ली सडकेकडे उतरते. पहिल्या घरापर्यंत मोटार चालली, दुसऱ्या घरापासून धावली, देवळाच्या पाराशी तिनं दोन उचक्या दिल्या, धुराचा एक ढग सोडला आणि इंजिन लागलं. “बसा! बसा व!” गोजरबाई ओरडली. ती कधीच आत उडी मारून बसली होती. पोरी धावतच पायदानावर चढल्या. आशेनं दार धरलं, अमीनाची वेणी धरून तिला आत ओढलं. मागं वळून बघायला गोजरबाईला सवड नव्हती. मागं भगवानराव काही तरी म्हणत होते, ते डबडीच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

सडकेला लागल्यावर तिनं गिअर कानावर बदलला. इंजिनाचा सूर चढू द्यायचा, उतरू द्यायचा आणि मधल्या एका श्वासात दांडा सरकवायचा. एकदा चुकलं, गिअरचे दात वाजले. दुसऱ्यांदा लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला. दोन्हीकडे हातभर वाढलेली कपाशी मागं पळत होती. पोरी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसल्या होत्या. मग अमीनाला हसू फुटलं, आशेला फुटलं, आणि गोजरबाईही हसली. बिनक्लचची मोटार, डोक्यावरून उडालेला पदर, कुणाचा बाप आडवा येतो ते बघूच! तिला इतकं मोकळं निवृत्ती गेल्यापासून वाटलं नव्हतं.

नांदुरा जवळ आलं तेव्हा समोर सडकभर मेंढरं आली. धनगर मध्ये उभा, कुत्रा कडेला बसलेला, आणि मेंढरांना घाई कसली असणार? भोंगा तर बॅटरीबरोबरच मेला होता. थांबावं तर इंजिन बंद. इथं ना उतार, ना गुलाम रसूल. न थांबावं तर मेंढरं चाकाखाली.

“काकू!” आशा ओरडली.

गोजरबाईनं दोन्ही पाय एकदम दिले. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, आणि सारं अंग त्या दोन पायांवर टाकून ती सीटवरून जवळजवळ उभी राहिली. चाकं थांबायला बघत होती, इंजिन ओढायला बघत होतं, आणि मधल्या त्या चिकटलेल्या तबकड्यांना दोन्हीकडून ओढ बसत होती. डबडी थरथरली, कण्हली. “सूट!” गोजरबाई ओरडली. “सूट, माय माझी, आता तरी सूट!”

खाट्‌ असा आवाज झाला. मोटार जागच्या जागी थांबली आणि इंजिन मात्र चालूच राहिलं, मोकळं, हलकं. पहिलं मेंढरू बंपरला नाक लावून निघून गेलं. गोजरबाईनं पाय सोडला, दाबला, गिअर टाकून पाहिला. मऊ. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, इतका तो चाकाला घट्ट धरून बसला होता.

शाळेत प्रार्थना चालू होती तेव्हा पोरी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. दोघींच्या कपड्यांवर ग्रीस होतं. गोजरबाई दिवसभर शाळेबाहेरच्या निंबाखाली बसली आणि उरलेल्या रॉकेलानं क्लचची कोठी पुन्हा पुन्हा धूत राहिली, पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत.

सूर्य कलता असताना डबडी गावात शिरली. भगवानराव ओट्यावर बसले होते, आजूबाजूला सकाळचीच मंडळी. गोजरबाईनं मोटार नेऊन अगदी ओट्याला लावली. इंजिन चालू ठेवलं. मग सगळ्यांच्या देखत क्लच दाबला, गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला, पुन्हा काढला. एकदाही करकर नाही. नंतर ती उतरली. आशाही उतरली, पण उजवा खांदा धरून.

“कडूबा, तूप अन् हळद आन.”

कडूबा गोठ्यातून आला आणि घाबरून उभा राहिला. “आता कशाले, बाई? पुन्हा?”

“आन म्हनते न. या खेपेले खांदा मी दाखवते.”

त्यानं वाटी आणली. गोजरबाईनं आशेला पाटलांच्याच ओट्याच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या खांद्यावरची चोळी जराशी सरकवली. जादा चाकाचा काठ लागून खांदा काळानिळा पडला होता. गोजरबाईनं वाटीत बोटं बुडवली. विधवा बाईचा हात हळदीत, तोही चारचौघांत! एक म्हातारा खाकरला. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आशेचा खांदा चोळला, मग अमीनाला ओढून बसवलं आणि तिचाही चोळला.

“आज आवतन घ्या,” ती दोघींना म्हणाली, “उद्या शाळेत या.”

ओट्यावर कुणी हसलं नाही. भगवानराव लेकीच्या खांद्याकडे बघत होते. तिचं लग्न कुठं करायचं याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता, पण तिच्या खांद्यात इतका जोर असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते दुखणारं काळंनिळं त्यांना बघवेना आणि नजरही काढवेना. अखेर सवयीप्रमाणे ते म्हणाले, “कडूबा, तिले सांग—”

“मलेच सांगा, पाटील.”

भासऱ्यांना काय म्हणून हाक मारतात हे गोजरबाईला ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. म्हणून साऱ्या गावासारखं तीही पाटीलच म्हणाली. पदर खांद्यावर होता, तिथंच राहू दिला. वर मान करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. कडूबा दोघांच्या मध्ये उभा होता, तो आपणहून बाजूला झाला.

“तूप कमी हाय,” भगवानराव म्हणाले, तिच्याकडे न बघता, पण तिलाच. “त्या खांद्याले जास्त लागंन. आमच्या घरात हाय.”

“मंग आना.”

सारा ओटा पाटलांकडे बघू लागला. पाटील गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तूप आणायला घरात गेले. ते वाटी घेऊन बाहेर येईपर्यंत गोजरबाईनं डबडीचं इंजिन बंद केलं नाही.